एकीचा सांगाडा, दुसरीचं इंजिन

१६ एप्रिल २०२४ चा मंगळवार. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी त्या दिवसाची एक तरी गोष्ट असेलच. अल् ऐनजवळच्या खत्म अल् शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९ पासून इथे नोंदी ठेवल्या जातात, त्यातला हा सगळ्यात मोठा. सांगलीकराला असल्या आकड्यांचं फारसं कौतुक नसतं, पण सांगलीत पाणी जायला निदान कृष्णा तरी आहे! शारजात आमच्या इमारतीच्या तळघरात शिरलेलं पाणी चार दिवस तिथेच मुक्कामाला होतं आणि त्यात माझी गाडी स्टिअरिंगपर्यंत बुडालेली होती.

विमा कंपनीने दोन आठवड्यांत निकाल दिला, 'टोटल लॉस'. गाडी औद्योगिक भागातल्या एका यार्डात नेऊन टाकली होती. डिकीत मंडळाच्या गणपतीच्या आरतीचे टाळ राहिले होते, ते आणायला म्हणून मी तिकडे गेलो. (टाळ मिळाले. थोडे हिरवे पडले आहेत, पण वाजतात. यंदाच्या आरतीत आवाज जरा वेगळा वाटला असेल तर कारण हे.) यार्डात एक म्हातारा पठाण मिस्त्री माझ्याच गाडीचं बॉनेट उघडून उभा होता. मी म्हटलं, "खतम हो गयी ना?" तो म्हणाला, "गाड़ी खतम. इंजन का अभी बहुत काम है."

हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. वेगळ्या भाषेत आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला.

एमएस करायला मी दक्षिण कॅलिफोर्नियात होतो. २००३ ते २००५. आमचे घरमालक निवृत्त वेल्डर होते. त्यांच्या गॅरेजमध्ये १९३१ सालची फोर्ड मॉडेल ए होती, म्हणजे तिचे अवशेष होते. कुठल्याशा शेतावर एक झाड तिच्यावर पडलं होतं. छप्पर सीटला टेकलेलं, मागचा खांब वाकलेला, तळाचा पत्रा गंजून पापडासारखा झालेला. नव्यासारखी करायची तर दुरुस्तीला गाडीच्या किमतीच्या चौपट पैसे लागले असते. आजोबांनी तो हिशेब केलाच नाही. "छप्पर गेलंच आहे, तर थोडं बुटकं करू," म्हणाले. माझं काम विजेरी धरायचं. भाडं महिन्याला पन्नास डॉलर कमी झालं, त्यामुळे मी ती अत्यंत एकाग्रतेने धरत असे.

दर शनिवारी विजेरी धरता धरता हॉट रॉड म्हणजे काय ते मला कळत गेलं. हॉट रॉड म्हणजे थोडक्यात एकीचा सांगाडा आणि दुसरीचं इंजिन. जुनी, हलकी, बहुधा मोडकीतोडकी गाडी घ्यायची, नको ते सगळं उतरवायचं आणि तिच्यात मूळच्यापेक्षा दांडगं इंजिन बसवायचं. आज अशा गाड्या लाखो डॉलरना विकल्या जातात, काचेसारखा रंग आणि चामड्याच्या सीटा लावून प्रदर्शनात उभ्या राहतात. त्यामुळे हा श्रीमंतांचा षोक आहे असा समज होतो. माझाही होता. पण या गाडीचा जन्म श्रीमंतीत झालेला नाही.

हेन्री फोर्डने १९०८ साली मॉडेल टी बाजारात आणली आणि १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटीहून जास्त गाड्या रस्त्यावर सोडल्या. पाठोपाठ आलेली मॉडेल ए १९३१ पर्यंत चालली. तिच्याही जवळपास ४८ लाख निघाल्या. एवढ्या गाड्या निघाल्या म्हणजे पाच-दहा वर्षांत तेवढ्याच भंगारातही जाणार. त्यातच १९२९ ची मंदी आली. कॅलिफोर्नियातल्या भंगार यार्डांमध्ये पंधरा-वीस डॉलरला आख्खी गाडी मिळू लागली, आणि पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराच्या खिशात तेवढेच असायचे.

मग १९३२ साल उजाडलं. फोर्डने त्या वर्षी एक व्ही-८ इंजिन आणलं. आठ सिलिंडर, ३.६ लिटर, ६५ अश्वशक्ती. आठ सिलिंडरची इंजिनं पूर्वीही होती, पण ती बड्या लोकांच्या गाड्यांत. फोर्डने आठही सिलिंडरांचा ठोकळा एका ओतकामात काढला, त्यामुळे ही गाडी पाचशे डॉलरच्या आत विकणं त्याला परवडलं. मॉडेल एची ताकद होती ४० अश्वशक्ती. आता जरा विचार करा. १९३२ ची गाडी कुणीतरी खांबाला ठोकते, पुढचा भाग चेपतो पण इंजिन शाबूत राहतं. शेजारच्याच रांगेत मॉडेल ए उभी आहे, इंजिन जाम, पण सांगाडा सरळ आणि हलका. या दोघींचं लग्न लावून द्यायला फार बुद्धी लागत नाही. लागतं काय, तर एक वेल्डिंगचं मशीन, एक हॅकसॉ आणि घरच्यांची सहनशक्ती.

हे शक्य झालं त्याचं मोठं कारण त्या काळच्या गाड्यांच्या रचनेत आहे. तेव्हाच्या गाडीला खाली शिडीसारखी वेगळी चासी असे, दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि मध्ये आडवे तुकडे. इंजिन, चाकं, पाटे सगळं चासीवर. बॉडी म्हणजे तिच्यावर बोल्टांनी आवळलेली पेटी. बोल्ट काढा, पेटी उचला, दुसऱ्या चासीवर ठेवा. आमच्या घरमालकांनी पहिल्या शनिवारी पेटी उचलून बाजूला ठेवली आणि चासीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली. मग दुसऱ्या कर्णावर ताणली. दोन्ही दोऱ्या सारख्या भरल्या तर चासी सरळ. फरक पडला तर गाडी जन्मभर खेकड्यासारखी तिरकी धावणार. आपले गवंडी जोत्याचा काटकोन असाच बघतात. फरक पाऊण इंचाचा निघाला. तो काढण्यात त्यांचे पुढचे तीन शनिवार गेले. त्याआधी रंगाचा, चाकांचा, कसलाच विषय त्यांनी काढू दिला नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची. मॉडेल एचे ब्रेक सळयांनी चालणारे, ४० अश्वशक्तीलाच जेमतेम पुरणारे. इंजिन दुप्पट केलं की गाडी पळते झकास, थांबत मात्र नाही. फोर्डने द्रवदाबाचे ब्रेक १९३९ मध्ये दिले आणि पोरांच्या लगेच लक्षात आलं की थोडी खटपट केली तर ते आधीच्या गाड्यांनाही बसतात. स्वस्तात काम करणाऱ्याने पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे वाचवायचा नाही, याची पहिली यादी तेव्हाच ठरली. मडगार्ड नको, बंपर नको, बॉनेटही नसलं तरी चालेल. ब्रेक मात्र हवेत. छप्पर कापून बुटकं करण्याची पद्धतही दिसण्यासाठी पडलेली नाही. वारा अडवणारं अंग कमी करण्यासाठी ती निघाली.

या गाड्या पळवायच्या कुठे? लॉस एंजलिसच्या उत्तरेला मोहावीच्या वाळवंटात मुरॉक नावाचं कोरडं सरोवर होतं. आपल्याकडच्या सबख्यासारखीच सपाट, टणक जमीन, मैलोन् मैल. तिथे ही पोरं रविवारी पहाटे जमायची आणि ताशी शंभर मैलांचा टप्पा ओलांडायला धडपडायची. चार-पाच गाड्या एकदम सोडल्या की पुढच्याच्या धुळीत मागच्याला काही दिसायचं नाही. अपघात व्हायचे. म्हणून १९३७ साली अनेक क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. वेळ मोजायचे नियम आले, तपासणी आली. (पुढे लष्कराने मुरॉकची ती जागा घेतली. आजचा एडवर्ड्स हवाई तळ तोच.)

मग युद्ध झालं. पोरं पॅसिफिकला गेली, विमानांची इंजिनं दुरुस्त करायला शिकली आणि परत आली. त्यांतला बिल बर्क हा माझा आवडता माणूस. दक्षिण पॅसिफिकमध्ये असताना त्याने लढाऊ विमानांच्या पोटाखाली लावायच्या जादा इंधनाच्या टाक्या बघितल्या. माशासारख्या निमुळत्या आणि आतून पोकळ. युद्ध संपल्यावर त्या भंगारात आल्या. १९४६ मध्ये त्याने एक टाकी घेतली, तिच्यात चासी, इंजिन आणि स्वतःला बसवलं आणि कोरड्या सरोवरावर पळवली! वाऱ्याला कापत जाणारं अंग विमान कंपनीच्या अभियंत्यांनी लष्कराच्या पैशाने आधीच आखून ठेवलं होतं. बर्कने ते फक्त चाकांवर ठेवलं.

दुसरा एड इस्केंडेरियन. १९२१ चा जन्म, आर्मेनियातून कॅलिफोर्नियात आलेल्या द्राक्ष बागायतदारांचा मुलगा, म्हणजे आपल्या मुलांसारखाच परदेशी आलेल्या आईबापांचा. शाळेच्या वयात मॉडेल टीच्या चासीवर त्याने व्ही-८ बसवलेली गाडी केली. १९४८ मध्ये ती 'हॉट रॉड' मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. युद्धानंतर त्याला हवी तशी कॅमशाफ्ट वेळेवर घासून मिळेना, म्हणून त्याने मशीन मिळवून स्वतःच घासायला घेतली. त्यातून कारखाना उभा राहिला.

इथवर ही कथा हौशी पोरांची आहे. मला स्वतःला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आपली गाडी अडली ती तिथेच. युद्धानंतर ही पोरं शहरातल्या रस्त्यांवरच शर्यती लावू लागली. माणसं मेली. वर्तमानपत्रं तुटून पडली आणि बंदीची भाषा सुरू झाली. तेव्हा त्यांच्यातल्याच शहाण्यांनी जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजलिसमध्ये हॉट रॉडचं प्रदर्शन भरवलं. रॉबर्ट पीटरसन या तरुणाने त्याच महिन्यात 'हॉट रॉड' मासिक सुरू केलं. त्याचा संपादक झालेला वॉली पार्क्स याने १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. १९५३ मध्ये पोमोनाच्या जत्रेच्या मैदानाजवळ पोलिसांच्या सहकार्याने अधिकृत शर्यत झाली. पाठोपाठ १९६३ साली सुटे भाग बनवणाऱ्यांची संघटना आली आणि तिने कायदे करणाऱ्यांशी बोलायचं काम हाती घेतलं. याचं फळ मी डोळ्यांनी पाहिलं. प्रदूषणाच्या बाबतीत कॅलिफोर्निया किती कडक आहे ते आपल्याला माहीत आहे. पण २००१ च्या एका कायद्याने तिथे दरवर्षी पहिल्या ५०० घरगुती बनावटीच्या गाड्यांना त्यांच्या बॉडीच्या सालाप्रमाणे धुराची मोजपट्टी लावायची मुभा मिळाली. आमचे घरमालक त्या पाचशेत नंबर लागावा म्हणून जानेवारीत पहाटेपासून रांगेत उभे होते. हातात फायली, थर्मासमध्ये कॉफी. मला तर रेशनच्या दुकानाचीच आठवण झाली.

आता आपल्याकडे या.

युद्ध भारतातही संपलं आणि लष्करी भंगार इथेही विकलं गेलं. दिल्लीत लष्कराच्या हार्ली डेव्हिडसन मोटरसायकली स्वस्तात मिळाल्या. मिस्त्रींनी त्यांचं मागचं चाक काढलं, तिथे दोन चाकांची पेटी जोडली आणि सहा-आठ माणसं बसवून कॅनॉट प्लेस ते चांदणी चौक अशी भाड्याने चालवली. हीच ती फटफटी. कालांतराने हार्लीचं इंजिन थकलं, तेव्हा त्यात डिझेल इंजिन बसलं. १९९८ मध्ये प्रदूषणाच्या कारणावरून ती बंद होईपर्यंत जवळपास अर्धं शतक ती चालली. एकीचा सांगाडा, दुसरीचं इंजिन! कॅलिफोर्नियाच्या पोराने जे ताशी शंभर मैलांसाठी केलं, तेच दिल्लीच्या मिस्त्रीने माणशी काही आण्यांसाठी केलं. वेल्डिंग तेच, धाडस तेच. पण तिथे मुखपृष्ठ मिळालं आणि इथे 'जुगाड' हा शेरा.

आपल्या महाराष्ट्रातही ऐंशी-नव्वदच्या दशकांत डिझेल स्वस्त म्हणून अँबॅसिडरमध्ये मेटॅडोरचं इंजिन बसवणारे मिस्त्री गावोगाव होते. आमच्या गल्लीत अशी एक होती. ती सुरू झाली की काचेच्या कपाटातल्या बशा वाजायच्या.

आणि आमच्या सांगलीहून तासाभराच्या अंतरावर, इचलकरंजीत, शंकरराव कुलकर्णी होते. शिक्षण सातवीपर्यंत. त्यांनी १९४९ मध्ये स्वतः बनवलेली छोटी गाडी रस्त्यावर आणली आणि पुढे पाव शतक ती सुधारत राहिले. गाडीचं नाव 'मीरा'. स्प्रिंगांऐवजी रबराची निलंबन व्यवस्था, आणि सत्तरच्या दशकातली किंमत बारा हजार रुपयांच्या आसपास. भंगारातून जोडलेली हॉट रॉड नव्हे ही, अस्सल स्वतःची गाडी. पण तो काळ परवान्यांचा. १९५१ च्या उद्योग कायद्यानुसार सरकारच्या परवान्याशिवाय मोटार बनवायचा कारखाना काढता येत नव्हता आणि मीरा कारखान्यापर्यंत कधी पोचलीच नाही. इस्केंडेरियनच्या पाठीशी मासिक होतं, संघटना होती, सुटे भाग विकत घेणारी हजारो पोरं होती. शंकररावांच्या पाठीशी इचलकरंजी होती. मला दोघांच्या हुशारीत फार फरक वाटत नाही.

एवढं सगळं इतिहासपुराण सांगायचं कारण आमच्या घरची गाडी.

माझे आजोबा सांगलीत वकील होते. साठच्या दशकात त्यांनी जुनी, वापरलेली फियाट ११०० घेतली. १९५४ पासून मुंबईत कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये या गाड्या तयार होऊ लागल्या. गोलमटोल पाठ आणि पुढे आलेलं नाक यामुळे लोक तिला 'डुक्कर फियाट' म्हणत. नाव ठेवण्यात आपला हात कोण धरणार! १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आणि पुढची दारं उलटी उघडणारी. त्या उलट्या दारातून आजी नऊवारीत किती डौलाने उतरायची, हे बाबा आजही सांगतात. आजोबा गेल्यावर गाडी गावभागातल्या घराच्या मागच्या शेडमध्ये गेली. वर्षातून एकदा दसऱ्याला हार पडायचा, तेवढाच.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. शेड छपरापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर दादाने फोटो पाठवला. सीटांवर वीतभर गाळ होता, डॅशबोर्डवर जलपर्णी, आणि शेडची भिंत पडून मागची डावी बाजू चेपलेली. पुढे करोना आला, बाबांचं ऑपरेशन झालं आणि गाडी तशीच राहिली. गाळ आत वाळून दगड झाला.

२०२४ च्या डिसेंबरात दादाचा मुलगा, आमचा पुतण्या, सुट्टीला इकडे आला. पुण्यात मेकॅनिकल करतो. त्याला मी शारजातलं ऑफ-रोड हिस्टरी म्युझियम दाखवायला नेलं. शेख हमद बिन हमदान अल् नह्यान यांच्या संग्रहातल्या गाड्या तिथे आहेत. (हे तेच शेख, ज्यांच्या अबू धाबीकडच्या संग्रहालयाबाहेर मूळ गाडीच्या कितीतरी पट मोठा डॉज पॉवर वॅगन आपण मंडळाच्या सहलीत पाहिला होता. १९४६ साली आलेला हा ट्रक अरबस्तानात तेल शोधणाऱ्यांचा सोबती होता, त्याचं हे स्मारक.) शारजाच्या म्युझियममध्ये 'धबियान' आहे. खाली ऑशकॉश लष्करी ट्रकची दहा चाकांची चासी, वर जीप रँग्लरची बॉडी, मध्ये डॉज डार्टचे भाग, पोटात १५.२ लिटरचं ६०० अश्वशक्तीचं कॅटरपिलर इंजिन. लांबी १०.८ मीटर, वजन २४ टन. पुतण्या तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, "काका, ही हॉट रॉडच आहे ना? फक्त बजेट वेगळं."

मला हसू आलं, पण मुद्दा बरोबर होता. परतताना गाडीत त्याने प्रस्ताव मांडला. डुक्कर फियाटची हॉट रॉड करायची. छप्पर कापायचं, मडगार्ड काढायचे, आधुनिक इंजिन बसवायचं. एकूण खर्च एक लाख रुपये, वर एक रुपया नाही. इतकी वर्षं मनात असलेलं कुणीतरी बोलून दाखवल्यासारखं वाटलं आणि मी ताबडतोब हो म्हणून बसलो.

रात्री बसून वाचायला लागलो तेव्हा पहिला धक्का बसला. फियाट ११००ला चासीच नाही! म्हणजे वेगळी नाही. ती एकसंध बॉडीची गाडी. तळाचा पत्रा, खांब, छप्पर हे सगळं मिळून सांगाडा. फोर्डच्या पेटीसारखी ती उचलून दुसऱ्या चासीवर ठेवता येत नाही. तळ गंजला म्हणजे कणाच गंजला, आणि छप्पर कापलं तर गाडी मधून वाकणार.

दुसरा धक्का कायद्याचा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिला. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मग व्हिंटेज म्हणून नोंदवावी का? जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हीए' अक्षरांच्या खास नंबरावर नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये. पण गाडी मूळ रूपात हवी, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नकोत. आणि नंबर मिळाला तरी ती रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला न्यायची, रोज वापरायची नाही. इकडे अमिरातीतही परवानगीशिवाय इंजिन किंवा चासी बदलली तर हजार दिरहॅम दंड, बारा काळे गुण आणि तीस दिवस गाडी जप्त, त्यामुळे ती इकडे आणायचा विचारही संपला.

मला या नियमांचा राग येत नाही. आमच्या गल्लीतल्या त्या अँबॅसिडरचे ब्रेक मी पाहिलेले आहेत. राग येतो तो याचा, की काळजीपूर्वक केलेली गाडी आणि बेफिकिरीने केलेली गाडी यांत फरक करणारी खिडकीच आपल्याकडे नाही. दोरी ताणून पाऊण इंच मोजणारा माणूस आणि वेल्डिंगवर रंग फासणारा माणूस, दोघांनाही तेच उत्तर.

घरात तीन पक्ष पडले. दादा म्हणाला, भंगारवाल्याला द्या, शेडमध्ये स्कूटर लावता येईल. पुतण्या म्हणाला, नंबर नको आणि रस्ताही नको, शेतात चालवू, पण हॉट रॉडच करू. मी व्हिंटेज नंबरच्या बाजूने होतो, कारण मी पैसे पाठवणारा आणि लांब राहणारा. लांब राहणाऱ्यांना सगळं मूळ रूपातच हवं असतं. फोनवर तीन रविवार हा वाद चालला. बाबा ऐकत होते. चौथ्या रविवारी म्हणाले, "तुमच्या आजोबांनी ती रोज कोर्टात न्यायला घेतली होती. बघायला घेतली नव्हती."

म्हणजे गाडी चालली पाहिजे, आणि रस्त्यावर चालली पाहिजे. एवढं ठरल्यावर बाकीचं पुतण्याने पुन्हा मांडलं. इंजिन पार जाम होतं. पंधरा दिवस सिलिंडरमध्ये डिझेल ओतून ठेवलं तरी पिस्टन हलला नाही आणि ठोकळ्याला तडा निघाला. पण फियाटचं हेच १०८९ सीसीचं घराणं पुढे प्रीमियर पद्मिनीत आलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. रस्त्यावरून गाड्या गेल्या, इंजिनं कुर्ल्याच्या भंगार बाजारात शिल्लक होती. पुतण्याने दोन खेपा घालून एक आणलं. मूळच्यापेक्षा जरा जास्त ताकदीचं, पण त्याच जातीचं आणि पेट्रोलचंच, म्हणजे इंजिनबदलाची परवानगी मागायला तरी जागा आहे. हॉट रॉड म्हणायला अमेरिकन माणूस हसेल. पण स्वस्तातली आहे आणि दुसरीचं इंजिन आहे, दोन अटी पूर्ण झाल्या.

बॉडीचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी घेतलं. त्यांनी आधी दारांच्या चौकटीत आतून लोखंडी पाइप आडवे-तिरके जोडले, म्हणजे तळ कापताना खांब जागेवरून हलायला नकोत. मगच सडलेला पत्रा वीतवीत कापला आणि नवा बसवला. एकदम पूर्ण तळ काढला नाही. पुतण्याने मला व्हिडिओ पाठवला. त्यात मिस्त्री चौकटीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणत होते. मी तो कितीदा पाहिला ते सांगत नाही. चेपलेली मागची बाजू त्यांनी आतून ठोकून काढली. एक सुरकुती राहिली आहे. ती बुजवायची नाही असं सांगितलंय.

आतापर्यंत एक लाख बेचाळीस हजार झाले. पुतण्या म्हणतो, बेचाळीस हे माझ्या आग्रहाखातर घेतलेल्या नव्या ब्रेकचे आणि टायरचे, ते धरायचे नाहीत. आरटीओत अर्ज केला आहे. उत्तर यायचं आहे.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा इंजिन अजून गाडीत बसायचं होतं. अंगणात लोखंडी स्टँडवर ठेवलेलं, वर पेट्रोलची प्लॅस्टिकची बाटली उलटी टांगलेली. पुतण्याने दोन वायरी जोडल्या. तिसऱ्या झटक्याला ते पेटलं, निळा धूर सोडला आणि मग स्थिरावलं. शेजारच्या गच्च्यांवर माणसं जमली. बाबा काठी टेकत बाहेर आले, मान कलती करून दोन मिनिटं ऐकत उभे राहिले.

"डुकराचा नाही हा आवाज," म्हणाले. "पद्मिनीचा आहे." आणि सगळ्यांना चहा टाका म्हणून आत सांगायला वळले.